गेट बंद होतं तेव्हा

‘वृद्धाश्रम’ हा शब्द उच्चारताना अजूनही आपल्याकडे आवाज खाली येतो. लग्नाच्या बोलण्यात मुलाकडची आजी ‘आश्रमात असते’ असं कळलं की समोरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तुमच्या गावात तर हे जास्तच असेल. ‘मुंबईला जाऊन साहेब झाले आणि आईला तिकडे टाकली’, असं किती सहज म्हटलं जातं! हा ‘टाकली’ शब्द मला फार खटकतो. ज्यांच्या घरातलं माणूस अशा ठिकाणी आहे त्यांनी मार्च २०२० नंतरचं दीड वर्ष कसं काढलं, हे त्यामुळेच कुणी फारसं विचारलं नाही. आणि ते स्वतःहून सांगत नाहीत. आधीच टाकलेली म्हटल्यावर रडायचा हक्क कुठला?

आश्रम म्हटलं की डोळ्यांपुढे झाडं, पार, तुळशीवृंदावन असं काहीतरी येतं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडचे आश्रम तसे नसतात. जुन्या बंगल्याचा तळमजला, नाहीतर शेजारचे दोन फ्लॅट जोडून केलेली जागा. पंधरा-वीस खाटा. कुणी नळीवर, कुणी डायपरवर, कुणी स्वतःचं नाव विसरलेलं. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीवरची मालिका. मोकळी जागा हवी असेल तर बदलापूर, कर्जत, वसईकडे जायचं, म्हणजे भेटायला जाण्यात एक अख्खा दिवस. म्हणून ज्यांना परवडतं ते जवळची जागा बघतात, मग ती कोंदट का असेना.

माझी आत्या बोरिवलीच्या अशाच एका घरात २०१७ पासून आहे. लग्न केलं नाही. पालिकेच्या शाळेत नोकरी केली आणि माझे वडील लवकर गेल्यावर आम्हा दोघी बहिणींच्या फिया भरल्या. खुबा मोडला आणि ती अंथरुणाला खिळली. माझं घर मुलुंडला, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नाही. निर्णय तिनेच घेतला. म्हणाली, ‘मला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. तू एक आहेस आणि तुला शाळा आहे. हिशोब कर.’ गणिताची शिक्षिका ती, हिशोब बरोबर होता.

दर रविवारी मी जायचे. मुलुंड मध्य रेल्वेवर, बोरिवली पश्चिम रेल्वेवर. दादरला पूल चढून गाडी बदलायची, जायला दीड-दोन तास. डब्यात पिठलं, मऊ भाकरी. तिथे गेल्यावर तिची नखं कापायची, डोक्याला तेल चोळायचं, टाचांना मलम लावायचं, कानातलं मशीन पुसून त्याचा सेल बघायचा. पाठीवर कुठे लाल झालंय का ते बघायचं, कारण अंथरुणातल्या माणसाला जखम तिथूनच सुरू होते. ही यादी मुद्दाम देतेय. ‘भेट’ म्हणजे फक्त गप्पा मारणं नसतं.

मार्चच्या मध्यावर गेटवर कागद लागला. नातेवाइकांनी पुढील सूचना मिळेपर्यंत येऊ नये. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या. २४ च्या रात्री पंतप्रधानांनी देशभराची टाळेबंदी जाहीर केली. मुंबईच्या लोकल इतके दिवस बंद राहतील असं आमच्या पिढीतल्या कुणालाही वाटलं नव्हतं. मुलुंडहून बोरिवली एकदम परदेशाइतकी लांब गेली.

गेट बंद केलं म्हणून मी तेव्हा रागावले नव्हते, आजही त्या पहिल्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. स्पेनमध्ये त्याच आठवड्यात लष्कराचे जवान निर्जंतुकीकरणासाठी वृद्धाश्रमांत गेले, तेव्हा काही ठिकाणी म्हातारी माणसं वाऱ्यावर सोडलेली आणि काही खाटांवर मेलेली सापडली. हे त्या देशाच्या संरक्षणमंत्र्यांनीच २३ मार्चला सांगितलं. महिन्याभराने जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाचे प्रमुख हान्स क्लुगे म्हणाले की, युरोपातल्या देशांच्या अंदाजानुसार कोविडने गेलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत माणसं अशा संस्थांमध्ये राहणारी होती. एका हॉलमध्ये पंधरा खाटा, सगळे सत्तरीच्या पुढचे, कुणाला साखर, कुणाला बीपी, कुणाचं हृदय कमजोर. तिथे एक बाधित माणूस आत गेला की काय होणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. बोरिवलीच्या आमच्या ताईंनी (संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणतात) गेट लावलं आणि त्या स्वतःही आतच राहिल्या. त्या वर्षी त्या घरात कोविडने एकही माणूस गेलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण गेटची किंमत कोणी मोजली?

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीचे आईवडील अंधेरीला राहत. आईला विस्मरणाचा आजार, डिमेन्शिया. घरातून निघून जायची, गॅस चालू ठेवायची. शेवटी काकांनी तिला घराजवळच्याच एका संस्थेत ठेवलं आणि स्वतः रोज दुपारी बारा वाजता तिथे जायला लागले. चौऱ्याऐंशी वर्षांचे काका, हातात काठी आणि खांद्याला पिशवी. का, तर काकू फक्त त्यांच्याच हातून जेवायच्या. नवऱ्याचं नाव त्या विसरल्या होत्या, हात विसरल्या नव्हत्या. गेट बंद झालं आणि काकूंनी तोंड मिटलं. मास्क लावलेली, ढगळ गाऊन घातलेली माणसं चमचा पुढे करत आणि काकू भिंतीकडे वळत.

मग तिथल्या एका आयाबाईने डोकं लढवलं. काकांना फोन करून म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही जेवताना काय बोलता ते मला मोबाइलवर बोलून पाठवा.’ काकांनी ते मोबाइलवर बोलून पाठवलं. ‘अगं घे, एक घास घे. वरणभात आहे. लिंबू पिळलंय बघ.’ सव्वा मिनिटाचं काहीतरी होतं. ती बाई रोज ते काकूंच्या कानाशी लावायची. काही दिवस जेवल्या, काही दिवस नाही. वजन उतरत गेलं. नोव्हेंबर २०२० मध्ये काकू गेल्या. कोविडची तपासणी केली होती, ती निगेटिव्ह आली.

म्हणजे त्या कुठल्याच यादीत नाहीत. मुंबईत या साथीने १९ हजारांहून जास्त माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे, त्यात काकू नाहीत. दाखल्यावर वार्धक्य आणि हृदयक्रिया बंद पडणे असं लिहिलंय. काका मला म्हणाले, ‘तुम्ही शिकवता ना मुलांना? त्यांना सांगा, माझी बायको उपाशी गेली.’ मी काय बोलणार? पाणी आणायला उठले.

त्या आयाबाईसारख्यांबद्दलही लिहायलाच हवं. या घरांमध्ये काम करणाऱ्या मावश्या बहुतेक पालघर, वसई-विरार, कल्याणपलीकडून येतात. बोरिवलीला आत्याचं करणारी मावशी पालघर जिल्ह्यातली. गेट लागताना ताईंनी विचारलं, राहणार की जाणार? गेलात तर परत आत घेता येणार नाही. मावशी राहिली. घरी मुलगा दहावीला, भूगोलाचा पेपर तेवढा बाकी होता. तो पेपर पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला, आठवतं ना? मुलगा घरी एकटा सापडला, आजीबरोबर. २९ जुलैला निकाल लागला तेव्हा मावशी आत होती. पास झाल्याचं फोनवर कळलं. पेढे कुठून आणणार, म्हणून तिने स्वयंपाकघरातून वाटीभर साखर घेतली आणि सगळ्या आजी-आजोबांच्या तोंडात चिमूट चिमूट घातली. ज्यांना मधुमेह होता त्यांना हातावर चार दाणे. आत्याने हे मला फोनवर तीनदा सांगितलं.

ऑगस्टमध्ये ती घरी गेली तर शेजारच्या बायकांनी तिला पंधरा दिवस नळावर येऊ दिलं नाही. मुंबईहून आलीय, म्हाताऱ्यांचं हागणंमुतणं काढून आलीय. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, त्या डॉक्टर-नर्ससाठी. महिना थोड्या हजारांवर डायपर बदलणारी ही बाई तेव्हा कुणाच्या मनात होती? माझ्या तरी फक्त आत्या होती.

फोनचं सांगते. व्हिडिओ कॉल म्हणजे सोय, असं आपण म्हणतो. ज्यांना ऐकू येतं, दिसतं आणि समजतं त्यांच्यासाठी ती आहे. आत्याला कमी ऐकू येतं. समोरच्याच्या ओठांवरून ती निम्मं ओळखायची हे आम्हाला मास्क आल्यावर कळलं. मावशी हातमोजे घालून मोबाइल धरायची आणि आत्या माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीकडे बघायची, जिथे तिचा स्वतःचाच चेहरा दिसायचा. एकदा म्हणाली, ‘ही म्हातारी कोण गं? सारखी मधे येते.’ आम्ही हसलो. फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

माझी धाकटी बहीण जालन्याला दिलेली. तिला तर बोरिवली दिसणंच मुश्किल. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला ई-पास लागायचा, तो सप्टेंबर २०२० मध्ये सुटला. एसटी ऑगस्टपर्यंत जिल्ह्याबाहेर जात नव्हती. आणि मुंबईला जाऊन परत आलीस तर चौदा दिवस शाळेत ठेवतील, गल्लीत कुणी बोलणार नाही, हा धाक वेगळाच. तुमच्यापैकी कित्येकींचं माहेर असंच पलीकडच्या जिल्ह्यात राहिलं असेल. बहीण रोज रात्री आठला फोन करायची आणि मला विचारायची, ‘तिने आज काय खाल्लं?’ मला कुठे माहीत असायचं! मग मी काहीतरी सांगायचे. मुगाची खिचडी. दूधभात.

आता माझ्या खऱ्या रागाकडे येते. पहिले दोन-तीन महिने समजू शकते. पण ५ ऑगस्ट २०२० ला मॉल उघडले. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार उघडले. २१ ऑक्टोबरपासून सगळ्या बायकांना लोकलने, ठरावीक वेळेत का होईना, जाता येऊ लागलं. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, देवळं उघडली. राज्यभर लोकांनी रांगा लावून दर्शन घेतलं. आत्याचं गेट मात्र बंदच. त्या पाडव्याच्या आठवड्यात मी बोरिवलीला गेले तर वॉचमनने डबा परत दिला. घरचं अन्न चालणार नाही, बिस्किटाचा बंद पुडा असेल तर ठेवा. जाळीतून तिची खिडकी दिसत होती, ती नव्हती दिसत, कारण तिची खाट आतल्या भिंतीला आहे. ताईंना फोन केला. त्याही थकलेल्या होत्या. म्हणाल्या, ‘एकीला आत सोडलं की वीस जणांना सोडावं लागेल. आणि उद्या काही झालं तर तुम्हीच माझ्या दारात येऊन उभ्या राहाल. बिल्डिंगवाले तर आधीच टपलेत.’ तेही खोटं नव्हतं. काही घरांनी पैसे थकवले होते, कुणाची नोकरी गेली होती, सॅनिटायझर आणि किटचा खर्च वाढत होता. देऊळ कधी उघडायचं यावर राज्यात आंदोलनं झाली. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या माणसाचा हात कधी लागू द्यायचा, यासाठी कुणी घंटा वाजवली नाही.

याच सुमाराची एक गोष्ट ब्राझीलमधली आहे. साओ पावलो शहरात ‘विवा बेम’ नावाचं एक वृद्धाश्रम आहे. तिथे पारदर्शक प्लास्टिकचा एक पडदा केला, त्याला हात घालायला लांब बाह्या लावल्या. ५ ऑगस्ट २०२० ला पंच्याऐंशी वर्षांच्या रोझा लुझिया लुनार्दी या आजींना एका नर्सने त्या पडद्यातून मिठी मारली. पाच महिन्यांत त्यांना कुणी जवळ घेतलेलं नव्हतं. डॅनिश छायाचित्रकार मॅड्स निसेन यांनी काढलेला तो फोटो २०२१ चा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ठरला. पिवळ्या कडेचा तो पडदा दुमडून पंखांसारखा दिसतो. फोटो सुंदर आहे, पण मी तो बघितला तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की, प्लास्टिकच तर आहे! आपल्याकडे पावसाळ्यात गॅलरीला लावतो तसलं. शिवून देणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत.

ज्यांचं माणूस गेलं त्यांचं दुःख तर आणखी वेगळं. घाटकोपरच्या माझ्या एका मैत्रिणीची आई मे २०२० मध्ये आश्रमातून थेट रुग्णालयात गेली आणि सहाव्या दिवशी संपली. मैत्रिणीने शेवटचं तिला बघितलं ते मार्चमध्ये. स्मशानात वीस फुटांवरून एक पिशवी दाखवली. ‘आत आईच होती ना गं?’ असं ती मला अजून विचारते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्च २०२० च्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की, कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन चेहऱ्यापुरती उघडून नातेवाइकांना अंत्यदर्शन देता येईल. हात लावायचा नाही, आंघोळ घालायची नाही. पण लांबून पवित्र पाणी शिंपडणं, मंत्र-पोथी म्हणणं चालेल. अस्थी गोळा करायलाही हरकत नाही, त्यातून काही होत नाही. हे तिला कुणी सांगितलं नाही आणि त्या अवस्थेत तिला विचारायचं सुचलं नाही. दहावं-तेरावं झालं नाही. पिंड ठेवला नाही, त्यामुळे कावळा शिवला की नाही याचाही प्रश्न आला नाही. ती म्हणते, ‘मी या गोष्टी मानत नव्हते गं. पण करायला काहीतरी हवं होतं.’ मेट्रोच्या पुलावर नऊवारीतली कुणी पाठमोरी बाई दिसली की अजून तिचे पाय आपोआप भरभर पडतात.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत. युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की, ज्या दुःखाला शेवटच मिळत नाही ते दुःख वेगळंच वागतं. मृतदेह दिसला नाही की मन ‘गेली’ असं मान्य करत नाही. आणि डिमेन्शियाच्या घरात उलटं, माणूस समोर असतं पण ते ‘ते’ नसतं. १९९९ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. काका आणि माझी मैत्रीण, दोघंही त्या पुस्तकातली माणसं आहेत. वर्षभरानंतरही शोक रोजचं जगणं अडवत असेल तर तो आता आजारांच्या यादीतही धरला जातो, ‘एवढं काय धरून बसायचं’ म्हणून झटकण्याची गोष्ट नाही. अशा वेळी बोलायला मानसोपचारतज्ज्ञ गावात नसला तरी ‘टेलि-मानस’ची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. माझ्या मैत्रिणीने तिसऱ्या प्रयत्नात फोन लावला. पहिल्या दोन वेळा नंबर फिरवून ठेवून दिला होता. पलीकडच्या मुलीने तिला आईचं नाव विचारलं, म्हणे. एवढ्यावरच ती रडली, कारण तीन वर्षांत ते नाव कुणी विचारलं नव्हतं.

आत्याला मी पुन्हा भेटले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. अकरा महिन्यांनी. अंगणात खुर्ची, मधे टेबल, वर काच, पंधरा मिनिटं. तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. नखं कुणीतरी कापलेली होती, वेडीवाकडी. केस बारीक केलेले, कारण विंचरायला हात कमी होते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘डॉक्टर, माझी भाची यायची होती.’ मास्कवरून तिने ओळखलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, ‘आत्या, सतरा सक्कं?’ लहानपणी ती मला असंच कुठेही, पोळी लाटतानासुद्धा विचारायची. तिने क्षणभर कपाळाला आठी घातली आणि मग म्हणाली, ‘एकशे दोन. पण हे मी तुला विचारायचं.’

पंधरा दिवसांनी, १ मार्चपासून, साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं. पण केंद्रापर्यंत जाऊ शकेल त्याचं. खाटेवरच्या माणसाचं काय? दोन वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. घरी जाऊन लस देता येणार नाही, असं केंद्र सरकारचं म्हणणं पडलं. बऱ्याच सुनावण्या झाल्या आणि अखेर ३० जुलै २०२१ ला पालिकेने अंधेरी पूर्वच्या के-पूर्व विभागातून घरोघरी लस द्यायला सुरुवात केली. मधे एप्रिलची दुसरी लाट येऊन गेली होती आणि अंगणातलं ते काचेचं टेबलही उचललं गेलं होतं. तरी गेट हे काही रामबाण नव्हे. नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी भिवंडी तालुक्यात पडघ्याजवळच्या सोरगावातल्या ‘मातोश्री’ वृद्धाश्रमात साठहून अधिक वृद्ध एकदम बाधित निघाले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दोन्ही लशी झालेल्या होत्या. सगळ्यांना ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. कामावरची माणसं येतात-जातात, भाजी येते, डॉक्टर येतात. मग घरचंच एक माणूस, तपासणी करून, मास्क लावून का नको, हा माझा प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. रुग्णालयातून वृद्धांना तपासणीशिवाय आश्रमांत पाठवण्याचं तिथल्या सरकारचं धोरण बेकायदा होतं, असा निकाल २०२२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने दिला. वडील गमावलेल्या दोन मुलींनी तो खटला चालवला होता. आणि ६ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये नियमच आला की, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर आश्रमातल्या माणसाला भेटायला येणाऱ्याला अडवता येणार नाही. भेट हा देखभालीचाच भाग मानायचा.

आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. गेट उघडून किती वर्षं झाली, मी दर रविवारी जाते. पण निघताना ‘पुढच्या रविवारी येते’ म्हटलं की ती म्हणते, ‘बघ, गेट उघडं असलं तर.’ ताई समजावतात, मावशी समजावते. ऐकून घेते, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. खोलीतल्या आणखी एक आजी नातेवाईक दिसले की त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून बसतात, सोडवावं लागतं.

मे २०२५ मध्ये मुंबईत कोविडचे रुग्ण पुन्हा थोडे वाढल्याच्या बातम्या आल्या. आजार सौम्य होता, पण बातमी वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. या वेळी आम्ही सात-आठ घरची माणसं मिळून ताईंकडे गेलो. भांडायला नाही. दोन तास बसलो, चहा झाला, दोनदा आवाज चढले. शेवटी एका कागदावर लिहून घेतलं. पुन्हा कधी गेट लावायची वेळ आली तर प्रत्येक आजी-आजोबांमागे एका माणसाचं नाव आधीच ठरलेलं असेल. त्या माणसाला तपासणी करून, मास्क लावून आठवड्यातून दोनदा आत यायला मिळेल. घरचं जेवण भरवायला चालेल. शेवटची घटका असेल तर वेळेचं बंधन नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला काय किंमत आहे मला ठाऊक नाही. ताईंनी त्यावर सही केली, आम्ही सगळ्यांनी केली, आणि तो आता ऑफिसात कॅलेंडरच्या शेजारी चिकटवलेला आहे. तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल, किंवा जागा बघायला जाल, तेव्हा महिन्याचे पैसे आणि जेवणाचा तक्ता विचारता तसंच हेही विचारा.

आम्ही सह्या करत होतो तेव्हा मावशी दारात कपबशा घ्यायला उभी होती. आता ती तिथली जुनी झालीय, मुलगा कामाला लागलाय. तिने कागद वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला. ‘चांगलं आहे ताई,’ म्हणाली. मग ट्रे उचलता उचलता तिने विचारलं, ‘आणि आम्ही आत राहिलो तर आमच्या घरच्यांना भेटायचं कधी, ते कुठं लिहिलंय?’

ताईंनी पेन पुन्हा उघडलं.